आधी मैत्री खरी लिहा

मैत्रीतून प्रेमात पडणाऱ्यांच्या गोष्टी मी अधाशासारख्या वाचते. पुस्तकाच्या मागच्या पानावर 'फ्रेंड्स टू लव्हर्स' असं दिसलं की ते घेतलंच. तरीही यातल्या बऱ्याच रोमकॉम कादंबऱ्या मला फसलेल्या वाटतात. लेखकाला प्रेमाची इतकी घाई असते की मैत्री तो नुसती सांगून मोकळा होतो. 'लहानपणापासूनचे जिवलग' हे एका वाक्यात उरकतं आणि लगेच तिला त्याचे दंड दिसू लागतात. अरे, पण हे दोघं हसतात कशावर? भांडतात कशावरून? एकमेकांची कोणती सवय त्यांच्या डोक्यात जाते? ही मैत्री तुटली तर नेमकं काय जाणार आहे तेच मला माहीत नसेल, तर मी जीव मुठीत धरून पुढचं पान का उलटू?

या गोष्टीत खलनायक नसतो. बहुतेक वेळा घरच्यांचा विरोध नसतो, पैशांची दरी नसते. दोघं रोज बोलतात, एका वाक्यात सगळं सुटू शकतं. ते वाक्य तोंडातून निघत नाही, कारण उत्तर 'नाही' आलं तर हातात आहे तेही जाईल. अख्खी गोष्ट या एका भीतीवर उभी असते. म्हणून मैत्री आधी खरी वाटली पाहिजे.

'व्हेन हॅरी मेट सॅली' (1989) हा सिनेमा माझ्या मते आजही सगळ्यांच्या पुढे आहे तो यामुळे. दोघं 1977 मध्ये शिकागोहून न्यूयॉर्कला एका गाडीतून जातात आणि एकमेकांना मुळीच आवडत नाहीत. पाच वर्षांनी विमानतळावर गाठ पडते, आणखी पाच वर्षांनी पुस्तकांच्या दुकानात. तोवर त्याचं लग्न मोडलेलं, तिचं नातं संपलेलं. मग मैत्री होते, आणि ती आपल्याला दिसते. रात्री दोघं आपापल्या घरी, आपापल्या पलंगावर पडून, फोन कानाला लावून टीव्हीवर एकच जुना सिनेमा बघत असतात. तिथे काहीच घडत नाही. पण त्या फोनमुळे पुढे सगळं बिनसतं तेव्हा पोटात तुटतं.

शेवटी हॅरी प्रेम व्यक्त करतो तेव्हा काय बोलतो ते आठवा. बाहेर चांगलं ऊबदार असतानाही तिला थंडी वाजते. साधं सँडविच मागवायला तिला दीड तास लागतो. 'वेडा आहेस का' अशा नजरेनं बघताना तिच्या नाकावर बारीकशी आठी पडते. पहिल्याच प्रवासात तिची ती लांबलचक ऑर्डर ऐकून हाच माणूस थक्क झाला होता! अशी यादी नव्या प्रियकराला करता येणार नाही. ती करायला वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवलेला मित्रच लागतो.

नोरा एफ्रननं लिहिलेल्या मूळ मसुद्यात हे दोघं एकत्र येतच नव्हते. दिग्दर्शक रॉब रायनर घटस्फोटानंतर एकटे होते. सिनेमा बनत असतानाच त्यांना पुढे त्यांची पत्नी झालेल्या मिशेल सिंगर भेटल्या आणि शेवट बदलला. मला ही हकिकत फार मोलाची वाटते. शेवट दोन्हीकडे झुकू शकत होता, कारण मैत्री स्वतःच्या पायावर उभी होती. तेव्हापासून अशी प्रत्येक गोष्ट वाचताना मी हेच तपासते: प्रेम काढून घेतलं तरी या दोघांबद्दल वाचावंसं वाटेल का?

एमिली हेन्रीची 'पीपल वी मीट ऑन व्हेकेशन' (2021) यात खणखणीत पास होते. पॉपी आणि अॅलेक्स शिकागोत कॉलेजात भेटतात आणि एका गाडीतून ओहायोला घरी जातात. हॅरी-सॅलीची सावली स्पष्ट दिसते. मग दर उन्हाळ्यात दोघांची एक सहल. कादंबरी आजच्या उन्हाळ्यातून मागच्या उन्हाळ्यांत जाते-येते, त्यामुळे मैत्री सांगावी लागत नाही, आपण तिच्यात राहून येतो. मधला अडथळाही पोकळ नाही. पॉपीला गाव नकोसं आहे, कारण शाळेत तिथे तिची टर उडवली गेली. अॅलेक्सला त्याच गावात घर हवंय, मुलं हवीत. नुसतं 'आवडतोस' म्हटल्यानं हे सुटत नाही. क्रोएशियाच्या सहलीत दोघांत काय झालं ते मात्र लेखिकेनं फार उशिरापर्यंत दडवून ठेवलंय, ते मला पटलं नाही. पॉपीला माहीत, अॅलेक्सला माहीत, फक्त वाचकाला नाही. इतक्या चांगल्या मैत्रीला असल्या रहस्याच्या टेकूची गरज नव्हती.

आणि 'कुछ कुछ होता है' (1998). आमच्या पिढीनं तो डोक्यावर घेतला, गाणी मला आजही पाठ आहेत, पण त्यातल्या मैत्रीवर झालेला अन्याय मला सहन होत नाही. केस कापलेली, बास्केटबॉल खेळणारी अंजली राहुलची जिवलग मैत्रीण असते, पण तिच्याकडे 'तसं' बघावं हे त्याच्या मनातही येत नाही. वर्षांनंतर ती लांब केस आणि साडीत समोर येते, तेव्हा त्याला ती दिसते. परत बास्केटबॉल होतं आणि साडी सावरता सावरता ती हरते. म्हणजे त्याला आवडण्यासाठी तिला मैत्रीण असतानाची अंजली घरी ठेवून यावं लागलं. हॅरीच्या यादीच्या हे बरोबर उलट आहे.

यातून आपल्या आजूबाजूच्या काकूंना, आत्यांना बळ मिळतं हे माझं खरं दुखणं आहे. 'तुमचं नक्की काय आहे?' हा प्रश्न मी आणि माझ्या एका मित्रानं वर्षानुवर्षं ऐकला. त्याचं लग्न झालं, माझं झालं, मैत्री तशीच आहे आणि ती कमी प्रतीची नाही. वाईट लिहिलेली गोष्ट सांगते की मुलगा-मुलगी मित्र असले तर आतून प्रेमच असणार. चांगली गोष्ट फक्त त्या दोघांचं सांगते.

मला अशी एक कादंबरी मराठीत हवी आहे. आपल्याकडे मैत्री दोघांत राहत नाही. त्याची आई हिच्यासाठी वेगळा डबा भरते, गणपतीत हिचे बाबा त्यालाच मखर लावायला बोलावतात, हिच्या आजीच्या दवाखान्याच्या तारखा त्याच्या फोनमध्ये असतात. त्यानं विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली, तर दोन घरांचं येणं-जाणं अवघडून जाईल. एवढं सगळं पणाला लावून नाशिक किंवा सांगलीतला एखादा मुलगा तोंड उघडतो का, कधी आणि कसं, हे हसवत हसवत कुणीतरी तीनशे पानं लिहावं. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.