बासष्ट की एक्केचाळीस?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून उत्तर जरा लांबलंय.

तुमचं म्हणणं असं: बोलिव्हियावरच्या लेखात मी ‘६२ टक्के लोक मूलनिवासी’ असं ठोकून दिलं, पण २०१२च्या जनगणनेत हाच आकडा ४१च्या आसपास आहे, म्हणजे मी सोयीचा तेवढा उचलला. आणि २०२५च्या निवडणुकीत मूलनिवासींचे पुढारी, माजी राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी सत्तेवर आणलेला डावा ‘मास’ पक्ष भुईसपाट झाला, त्याअर्थी मूलनिवासींचं राजकारण हा फुगाच होता.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. ६२ हा २००१चा आकडा, तोही १५ वर्षांवरच्या लोकांपुरता. साल न घालता तो लिहायला नको होता.

पण ‘सोयीचा’ हा शब्द मी घेणार नाही. अकरा वर्षांत पाचातला एक माणूस आपली जात-जमात सोडून कुठे निघून गेला नाही. बदलला तो प्रश्न. २००१मध्ये प्रगणक विचारत होता, ‘तुम्ही स्वतःला यांपैकी कुठल्या मूळ समाजाचे मानता?’ पुढे यादी: केचुआ, आयमारा, ग्वारानी, चिकितानो, मोहेन्यो, अन्य, आणि शेवटी ‘कुठल्याच नाही’. २०१२मध्ये तो विचारू लागला, ‘बोलिव्हियन म्हणून तुम्ही एखाद्या इंदिखेना ओरिखिनारिओ काम्पेसिनो राष्ट्राचे किंवा समाजाचे, वा आफ्रोबोलिव्हियन आहात का?’ आधी हो की नाही ते सांगा, मग नाव.

ही तीन शब्दांची आगगाडी २००९च्या राज्यघटनेतून आली. मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. ‘ओरिखिनारिओ’ हा पश्चिमेकडच्या उंच पठारावरच्या लोकांना जवळचा शब्द, ‘इंदिखेना’ पूर्वेकडच्या सखल जंगलातल्यांना, आणि ‘काम्पेसिनो’ म्हणजे सरळ शेतकरी. कुणाचाच शब्द मागे ठेवता येईना, म्हणून तिन्ही एकत्र बांधले. आता चार हजार मीटरवरच्या एल आल्तो शहरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेल्या आयमारा पोराला विचारा, तू यातला का? आजी घेरदार पोयेरा घागरा आणि गोल टोपी घालते, आईने घागरा सोडला, आणि हा जीन्समध्ये. तो काय सांगेल, हे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. (‘मेस्तिसो’, म्हणजे मिश्र, हा पर्याय दोन्ही वेळा नव्हता. त्यामुळे आकडा त्याने घसरला, हे तुमचं अनुमान टिकत नाही.)

‘काम्पेसिनो’ या शब्दाला तर मोठा इतिहास आहे. १९५२च्या क्रांतीपर्यंत लिहिता-वाचता येणाऱ्यालाच मत होतं. १९५१मध्ये जेमतेम सव्वा लाख मतं पडली. सगळ्यांना मताधिकार मिळाल्यावर १९५६मध्ये साडेनऊ लाखांवर. त्याच क्रांतीच्या सरकारने ‘इंदियो’ ही शिवी झाली म्हणून ती बाजूला सारली आणि १९५३च्या जमीनसुधारणेबरोबर ‘शेतकरी’ हे नाव रुजवलं. ज्या आजोबांना जमीन मिळाली ते आयुष्यभर अभिमानाने काम्पेसिनो राहिले. नातवाला मोरालेसांच्या काळात परत ‘मूलनिवासी’ व्हायला सांगितलं गेलं. माणसं तीच.

तुमच्या बाजूने सगळ्यात जोरकस मुद्दा खरं तर तुम्ही मांडलाच नाहीत: २०११चं तिपनिस प्रकरण. ईसिबोरो-सेकुरे या राखीव प्रदेशातून रस्ता नेऊ नका म्हणून जंगलातले मूलनिवासी सरकार जिथे बसतं त्या ला पाझकडे चालत निघाले, आणि चापारिना इथे मोरालेस सरकारच्याच पोलिसांनी त्यांना झोडपलं. रस्ता हवा होता तो कोका पिकवणाऱ्यांना, म्हणजे पठारावरून तिथे वसायला गेलेल्या केचुआ-आयमारांना. दोन्हीकडे मूलनिवासीच! मोरालेस स्वतः या कोका उत्पादकांचे पुढारी. माझ्या लेखात यावर एक ओळ नव्हती, आणि ही चूक मला सालाच्या चुकीपेक्षा जास्त बोचते.

आता फुगा. ‘मास’च्या अधिकृत उमेदवाराला जेमतेम तीन टक्के मतं मिळाली, हे खरं. पण डॉलर संपलेले, पेट्रोल-डिझेलसाठी लांबच लांब रांगा, महागाई आटोक्याबाहेर, वर मोरालेस आणि त्याच पक्षाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आर्से यांचं उघड भांडण. अशात कुठलाही सत्ताधारी पक्ष पडला असता. शिवाय मोरालेसांनी मत बाद करा म्हणून सांगितल्यावर पहिल्या फेरीत जवळजवळ पाचवा हिस्सा मतपत्रिका बाद निघाल्या. उरलेली पठारावरची आणि एल आल्तोची मतं जुने उजवे नेते किरोगा यांच्याकडे गेली नाहीत. ती राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉद्रिगो पाझ आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांच्या जोडीला असलेले एदमान लारा यांच्याकडे गेली. पाझ हे माजी राष्ट्राध्यक्ष हाइमे पाझ सामोरा यांचे चिरंजीव, त्यांचं मला आश्चर्य वाटत नाही. लारा मात्र पोलीस खात्यातून बाहेर पडलेले, टिकटॉकवर साध्या माणसाच्या भाषेत बोलणारे कॅप्टन. मतदार कुणाला ‘आपला’ म्हणतो, ते इथे दिसतं.

आणि जनगणनेचे आकडे तिथे कुणी शांतपणे वाचत नाही. २०१२मध्ये आधी लोकसंख्या १ कोटी ४ लाखांच्या घरात जाहीर झाली, मग ती साडेतीन लाखांनी खाली आली. तेव्हापासून संशय मुरलेला. पुढची मोजणी २०२३मध्येच करा म्हणून पूर्वेकडच्या सांता क्रूझ प्रांताने २०२२ साली ३६ दिवस बंद पाळला, कारण संसदेच्या जागा आणि केंद्राचा पैसा त्यावरच ठरतो. ती अखेर २०२४च्या मार्चमध्ये झाली.

२०१९मध्ये मोरालेसांची सत्ता गेली ते सत्ता उलथवण्याचं कारस्थान की लोकांचा उठाव, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आज शिरत नाही. त्याला वेगळा लेख लागेल. ६२ टक्क्यांच्या वाक्यात मात्र आता साल, वय आणि विचारलेला प्रश्न तिन्ही घातलेत. वाक्य फार बोजड झालंय, पण राहू द्या तसंच.