धाकले फादर आणि लग्नाची सही

भाऊ, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी आमच्या कॅथलिक चर्चच्या धाकल्या फादरांबद्दल, म्हणजे मुख्य धर्मगुरू असलेल्या मोठ्या फादरांच्या सहाय्यकाबद्दल, चार शब्द बरे लिहिले, त्यावर तुमचा राग. तुमचं म्हणणं असं: सहाय्यक धर्मगुरू म्हणजे शिकाऊ माणूस, रेल्वेतल्या असिस्टंट लोको पायलटसारखा. त्यांनी तुमच्या पुतण्याचं लग्न लावलं ते कच्चंच. आणि मी त्यांना ‘डीकन’, म्हणजे पुरोहिताच्या एक पायरी खालचे, लिहिलं तेही चूक.

शेवटचं आधी. चूक माझीच. डीकन बाप्तिस्मा देतात, प्रवचन करतात, दफनविधी करतात, अधिकार दिला असेल तर लग्नही लावतात. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करणं, कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणं, आजाऱ्याला पवित्र तेल लावणं त्यांच्याकडे नाही. आमचे धाकले ही तिन्ही कामं रोजची करतात, आणि तरी माझ्या हातून डीकन लिहिलं गेलं.

गंमत अशी, की ही चूक दाखवताना तुमचंच म्हणणं लंगडं पडलं. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम ५४६ मध्ये, सहाय्यक धर्मगुरूची पुरोहित म्हणून दीक्षा झालेलीच हवी असं आहे. म्हणजे ते शिकाऊ नाहीत, डीकन तर नाहीतच. तुमच्या भुसावळच्या असिस्टंटला इंजिनाचा ताबा मिळायला पुढचं प्रशिक्षण लागतं. धाकले उद्या मोठे झाले, तर त्यांची पुन्हा दीक्षा होत नाही, बिशपांचं नेमणुकीचं पत्र येतं इतकंच. आताचं पत्रही बिशपांचंच असतं. मोठ्या फादरांनी मदतीला ठेवलेला माणूस तो नव्हे.

मोठ्यांचा मान मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांची, जबाबदारी त्यांची, धाकल्यांनी काय केलं, काय करणार हे त्यांना सांगायचं. पण ती जागा रिकामी झाली, तर बिशप दुसरी व्यवस्था करेपर्यंत कारभार धाकल्यांकडेच येतो. घरातल्या धाकल्या भावासारखं, म्हणा ना.

आता लग्न. इथे तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर. लग्न लावण्याचा अधिकार बिशप आणि त्या धर्मग्रामाचे मोठे फादर यांना पदामुळेच असतो; बाकीच्यांना तो द्यावा लागतो. सगळ्या लग्नांसाठी सरसकट द्यायचा, तर लेखी. तो दिलाच नसेल तर प्रश्न खरोखर उभा राहतो. पण हा नियम धाकलेपणाचा नाही. जळगावचे मोठे फादर उद्या भाच्याचं लग्न लावायला भुसावळला आले, तर त्यांनाही तिथून अधिकार घ्यावा लागेल. त्यांना तुम्ही शिकाऊ म्हणाल का?

नावांचा घोळ जुना आहे, त्यात तुमचा दोष नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये व्हिकार मोठे आणि क्युरेट धाकले. फ्रान्समध्ये उलटं, तिथे क्युरे मोठे, व्हिकेर धाकले. गोव्याकडे विगार म्हणजे पुन्हा मोठेच! नवापूर-नंदुरबारकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आणि वडील (एल्डर) अशी वेगळीच घडी, त्यात मी शिरत नाही.

कौतुक मात्र मागे घेणार नाही. आजी गेली त्या दिवशी मोठे फादर नाशिकला होते. ऐन मे महिना, दुपारचे दोन, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. धाकले डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकलवर आले, तेल लावलं, प्रार्थना केली, आणि अंगणात तांब्याभर पाणी पिऊन पुढच्या गावाला गेले. लेख तिथून सुचला होता, मोठ्यांना कमी लेखायला नाही.

पुतण्याचं म्हणाल तर धर्मग्रामाच्या विवाह नोंदवहीत लग्न लावणाऱ्याचं नाव असतं. कार्यालयात जाऊन अधिकाराचं विचारा, सांगतील. तोवर नव्या जोडप्याला घाबरवू नका.