सरांचं विकिपीडिया पान करण्याआधी

निपाणी-खानापूरकडे कुणी प्राध्यापक निवृत्त झाले की विद्यार्थी हौसेनं त्यांचं विकिपीडिया पान करायला घेतात. पान वगळायच्या चर्चेत गेलं की लगेच ‘सीमाभागातला मराठी माणूस म्हणून डावललं’. बहुतेक वेळा तसं काही नसतं. जोडलेली कात्रणं सगळी सत्काराची असतात.

इंग्रजी विकिपीडियावर संशोधकांच्या उल्लेखनीयतेचे (म्हणजे स्वतंत्र पान होण्याइतकी दखल आहे का, हे ठरवणारे) आठ निकष आहेत, त्यातला एक पुरतो. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचे कुलगुरू असतील तर प्रश्नच मिटला. नुसतं विभागप्रमुख किंवा डीन असणं पुरत नाही. विज्ञानातला भटनागर पुरस्कार चालतो, ‘आदर्श शिक्षक’ नाही. वर्गणी भरून मिळालेलं सदस्यत्व तर लेटरहेडपुरतंच.

खरी मेहनत पहिल्या निकषाला आहे: विषयावर कामाचा ठसा. गूगल स्कॉलरवरचा (गूगलच्या संशोधन-लेख शोधायच्या सेवेवरचा) एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांची उद्धरणं यांवरून काढलेला आकडा, टाकून मोकळं होऊ नका. रसायनशास्त्रातला 20 आणि गणितातला 20 सारखा नसतो. सर्वाधिक उद्धृत असे तीन-चार पेपर घ्या, स्वतःची आणि सहलेखकांची उद्धरणं वजा करा, उरलेल्यांत कामाची चर्चा आहे की नुसता कंसातला उल्लेख, ते वाचा. आपल्याकडे ‘एस. बी. पाटील’ नावाचे किती निघतील, म्हणून संस्थाही ताडून बघा. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 चं. त्याआधीच्या पेपरांवर बहुधा कर्नाटक विद्यापीठ, धारवाड असतं. शहराचं इंग्रजी नावही 2014 मध्ये ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं, तेव्हा दोन्ही स्पेलिंगांनी शोधा.

मराठी, इतिहास, लोकसाहित्य असे विषय असतील तर गूगल स्कॉलर जवळपास कुचकामी. तिथं पुस्तकांची परीक्षणं लागतात, तीही त्रयस्थांनी लिहिलेली. ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ यांचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावे लागतात. पीएच.डी.च्या गाईडची प्रस्तावना किंवा प्रकाशन समारंभाची बातमी धरली जात नाही. आणि एक गोष्ट आपण हमखास विसरतो: कन्नड परीक्षणही तितकंच चालतं. मराठी-कन्नड अनुबंधावर काम केलेल्या माणसाची दखल कन्नड नियतकालिकांत घेतलेली असू शकते आणि पान करणारा तिकडे फिरकतच नाही. कन्नड वाचणारा मित्र सोबत घ्या, नाव कन्नड लिपीतही शोधा.

सर तुमचेच गाईड असतील तर ते नातं लेखाच्या चर्चापानावर आधीच जाहीर करा आणि लेख मसुदा म्हणूनच तपासणीला द्या. वगळण्याची चर्चा साधारण 7 दिवस चालते. तिथं पन्नास जणांनी ‘सर थोर आहेत’ लिहून काही होत नाही. परीक्षणाचा अंक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक द्या.