माउसला कळत नसेल तर तुम्ही सांगा

गेमर बंधूंनो, तुमची अडचण मला समजते. कुस्तीत वजनगट असतात, धावण्यात मांड्यांचं बळ मोजता येतं, क्रिकेटमध्ये बायकांसाठी सीमारेषा चार पावलं आत ओढता येते. तुमच्या नशिबी मात्र खुर्चीत बसून खेळायचा खेळ आला. समोर स्क्रीन, कानाला हेडफोन, हाताखाली माउस. माउसवरचा हात कुणाचा आहे हे त्या माउसला कळत नाही. सर्व्हरला तर त्याहून कमी कळतं. गोळी सुटली आणि ती डोक्यात बसली, एवढीच त्याची समज. अशा खेळात स्त्री-पुरुष समानता कुणी न बोलावता येऊन बसण्याचा धोका फार. ती दाराबाहेर ठेवायची तर रोज राबावं लागतं, आणि तुम्ही वर्षानुवर्षं बिनपगारी राबताय. त्या कष्टांची नोंद कुणी घेत नाही. म्हटलं, आपण घ्यावी आणि नव्या पोरांसाठी अनुभवाचे चार शब्दही लिहून ठेवावेत.

सुरुवात आवाजापासून करा.

समजा, पाच जणांची टीम आहे, सगळे एकमेकांना अनोळखी. निम्मी फेरी झालेली. तेवढ्यात माइकवर मुलीचा आवाज येतो : "दोघं मागून येतायत, जिना बघा." कच्चा खेळाडू इथे जिन्याकडे बघतो आणि संधी घालवतो. तुम्ही तसं करू नका. तुम्ही विचारा, "ए, मुलगी आहे का?" दुसरा म्हणेल, "छे, बारकं पोरगं असणार, आवाज फुटला नसेल अजून." तिसरा वय विचारेल. चौथा इन्स्टा आयडी मागेल. या परिसंवादाला साधारण सहा सेकंद लागतात. जिना चढून यायला चार पुरतात. मग तुम्ही चौघं आडवे पडल्यावर ती एकटी उरते. समोर तिघे. ती दोघांना पाडते आणि तिसऱ्याच्या हातून मरते. आता चौघांनी एका सुरात म्हणायचं : "टीममध्ये बाई असली की असंच होतं."

हे नुसतं माझं निरीक्षण नाही, शास्त्रीय आधारही आहे. 2013 साली छापून आलेल्या एका संशोधनात 'हॅलो 3' या गोळीबाराच्या ऑनलाइन खेळात आधीच ध्वनिमुद्रित केलेली तीच ती साधी, निरुपद्रवी वाक्यं कधी पुरुषाच्या तर कधी बाईच्या आवाजात ऐकवली. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट वाईट शेरे मिळाले. वाक्यं तीच, बोलतोय एक टेप, तरी तुम्ही चुकला नाहीत. टेपलासुद्धा तिची जागा दाखवून दिलीत. याला म्हणतात निष्ठा.

2015 सालचं दुसरं संशोधन मात्र घरात ठेवू नका, पाहुण्यांसमोर पंचाईत होईल. खेळ तोच. त्यात दिसलं असं की बाईच्या आवाजावर सगळ्यात जास्त खेकसले ते ज्यांची स्वतःची कामगिरी यथातथाच होती. जे खरोखर चांगलं खेळत होते ते तिच्याशी बरे वागले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याकडे आधीपासून आहे. त्यांनी आकडे मांडून ती सिद्ध केली, इतकंच. म्हणून एक पथ्य पाळा : कुणावर ओरडण्याआधी स्कोअरबोर्ड बंद करा.

आता समजा, मुलगी चांगली खेळते. होतं असं कधी कधी, घाबरून जाऊ नका. बॉयफ्रेंडने रँक चढवून दिली म्हणा. 'बूस्टेड' हा शब्द त्यासाठीच आहे. ती फारच चांगली खेळत असेल तर चीटर म्हणा. या शाखेतला आदर्श धडा 2016 साली दक्षिण कोरियात गिरवला गेला. 'गेगुरी' या नावाने ओव्हरवॉच हा टीमने खेळायचा नेमबाजीचा खेळ खेळणारी किम से-यॉन तेव्हा सतरा वर्षांची होती. कोरियन भाषेत गेगुरी म्हणजे बेडूक; एवढ्या साध्या नावाची मुलगी इतका अचूक नेम धरते म्हणजे नक्कीच काहीतरी सॉफ्टवेअर लावलंय, असं प्रतिस्पर्ध्यांनी ठरवलं. खेळ बनवणाऱ्या कंपनीने तपासून सांगितलं, काही लावलेलं नाही. आता कंपनी सांगते म्हणून सोडून देणारे आपण थोडेच! शेवटी तिला एका गेमिंग माध्यमाच्या कचेरीत जाऊन, हातावर कॅमेरा रोखलेला असताना, सगळ्यांना दिसेल असं थेट खेळून दाखवावं लागलं. तिने दाखवलं. नेम तसाच अचूक. आरोप करणाऱ्या दोघांनी मग खेळच सोडला.

ते दोघं हळवे निघाले. तुम्ही सोडू नका. मुलाने हेडशॉट मारला तर 'काय एम (नेम) आहे भावाचा' आणि मुलीने मारला तर 'हातावर कॅमेरा लावा', एवढा साधा नियम पाळला की पुरे.

गेगुरीची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग संघमालकांच्या कामाचा आहे. 2018 मध्ये ओव्हरवॉच लीग ही त्या खेळाची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा बारा संघ होते आणि मुलगी एकही नव्हती. हिला का घेतलं नाही, असा प्रश्न आला. तेव्हा भाषेची अडचण, संघातल्या सगळ्यांनी एकाच घरात राहण्याची व्यवस्था अशी कारणं पुढे आली. हे उत्तर पाठ करून ठेवा. कोट्यवधींची लीग उभी राहू शकते, तीन खंडांतून खेळाडू विमानाने आणता येतात, दुभाषे ठेवता येतात, पण एक वेगळी खोली? ती कुठून आणायची? वास्तुशास्त्र... नव्हे, स्थापत्यशास्त्र अजून तिथवर पोचलेलं नाही. शेवटी शांघाय ड्रॅगन्सने तिला त्याच मोसमात अर्ध्यातून घेतलं. तो संघ त्या मोसमात चाळीसपैकी चाळीस सामने हरला. आधीपासूनच हरत आलेला होता, पण हिशेब मांडताना 'आधीपासूनच' हा शब्द खाली ठेवायचा असतो. मुलीला संघात घ्यायचीच वेळ आली तर बुडत्या जहाजावर घ्या. जहाज बुडालं की ती चढली होती हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

"आम्ही फक्त लायकी बघतो" हे वाक्यही तोंडात असू द्या. फक्त ते कधी म्हणायचं याचं भान ठेवा. ते दार बंद करताना म्हणायचं. 2018 च्या फेब्रुवारीत 'स्कारलेट' या नावाने खेळणाऱ्या कॅनडाच्या साशा होस्टिनने प्योंगचांगला स्टारक्राफ्ट 2 या डावपेचांच्या खेळाची मोठी स्पर्धा जिंकली, तीही कोरियन खेळाडूला कोरियात अंतिम फेरीत हरवून. अशा वेळी लायकी हा शब्द उच्चारायचा नाही. लगेच 'अपवाद' हा शब्द काढायचा. शिवाय स्कारलेट ट्रान्स आहे, म्हणजे तुमची दुहेरी सोय. जिंकली की 'तिला बाई धरू नका' म्हणता येतं आणि हरली की 'बघा, बायका हरतात'. तिची आजवरची बक्षिसांची कमाई चार लाख डॉलरच्या वर आहे. पुरुषांत सगळ्यात वरच्या खेळाडूंची सत्तर लाखांच्या आसपास जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'मुलींना पैशाची हौसच नसते' असा निष्कर्ष काढता येतो. मी काढलेला पाहिला आहे.

वेगळ्या स्पर्धांचा विषय जरा नाजूक आहे, इथे दोन्ही हातांनी लढायला शिका. 2014 साली आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघाच्या जागतिक स्पर्धेसाठी फिनलंडमध्ये पात्रता फेरी होती. खेळ हार्थस्टोन, म्हणजे सरळ सरळ पत्त्यांचा डाव. नियम असा की फक्त पुरुषांनी यावं. पत्ते उचलायला दंडात किती ताकद लागते ते तुम्हाला माहीतच आहे. आरडाओरडा झाल्यावर महासंघाने काही दिवसांतच सगळ्यांसाठी दार उघडलं. ही चूक झाली. पुढे काय वाढून ठेवलं होतं बघा : 2019 मध्ये याच हार्थस्टोनच्या जागतिक अंतिम फेरीत चीनची 'लिऊन', म्हणजे ली शियाओमेंग, 3-0 ने जिंकली आणि दोन लाख डॉलर घेऊन गेली. जिंकल्यावर तिने मंचावरून एक जुनी आठवण सांगितली. एका मोठ्या स्पर्धेत नाव नोंदवायला ती रांगेत उभी असताना कुणीतरी तिला म्हणालं होतं की, तू मुलगी आहेस, या रांगेत थांबू नकोस. तो सद्गृहस्थ कोण ते माहीत नाही. आपल्यातलाच असणार. त्याने आपलं काम चोख केलं होतं, तिनेच ऐकलं नाही.

थोडक्यात, रांग एक असेल तर मुलींना दुसरी रांग दाखवा. दुसरी रांग निघालीच तर विचारा, "एवढी समानता हवी होती ना, मग वेगळी रांग कशाला?" 2021 मध्ये व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ बनवणाऱ्या कंपनीने महिला आणि इतर वंचित लिंगांच्या खेळाडूंसाठी 'गेम चेंजर्स' ही वेगळी स्पर्धामालिका सुरू केली तेव्हा हा प्रश्न तुम्ही फार जोरात विचारलात. मिश्र स्पर्धांत त्यांना सरावाला भिडू मिळत नाही, स्क्रिमसाठी, म्हणजे सरावाच्या सामन्यासाठी, मेसेज टाकला तर वरचे संघ तो वाचून, 'सीन' करून सोडून देतात, सराव नाही म्हणून निकाल नाही आणि निकाल नाही म्हणून सराव नाही. ही सगळी भानगड कुणी समजावू लागलं तर म्हणा, "स्किल असेल तर येतील वर." विहिरीतल्या माणसाला दोर न देता 'पोहता येत असेल तर येईल वर' म्हणण्यासारखंच आहे ते, पण ऐकायला तत्त्वज्ञानासारखं वाटतं.

आणि महिलांची एखादी लीग खर्च परवडत नाही म्हणून बंद पडली, की 'बघा, कुणी बघतच नाही' असं लिहायला विसरू नका. तोट्याचा मुद्दा मात्र तिथेच ठेवा, इकडे तिकडे नेऊ नका. कारण ती वरची ओव्हरवॉच लीग, जिच्यात एकेका संघाची जागा दोन कोटी डॉलरला गेल्याच्या बातम्या होत्या, तीही 2023 च्या मोसमानंतर गुंडाळली गेली. तेव्हा 'पुरुषांना गेमिंग जमतच नाही' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते बाजाराचं दुर्दैव होतं.

मैदानात समोरासमोर गाठ पडलीच तर विनोदबुद्धी जागी ठेवा. 2019 मध्ये लीग ऑफ लेजेंड्स या खेळाच्या रशियातल्या लीगमध्ये सगळ्या मुलींचा संघ उतरला. सामन्याआधी प्रत्येक संघाला समोरच्याची पाच पात्रं बाद करता येतात. एका प्रतिस्पर्धी संघाने पाचही बंदी सपोर्टच्या, म्हणजे सोबत्यांना सांभाळणाऱ्या, पात्रांवर खर्च केल्या. का, तर मुलींना दुसरं काय खेळता येतं! संयोजकांनी त्यावर ताकीद दिली. विनोद न कळणारी माणसं सगळीकडे असतात.

एक यशोगाथा राहिलीच. 2018 च्या अखेरीस ओव्हरवॉचच्या दुय्यम स्पर्धेतल्या एका अमेरिकी संघात 'एली' नावाची खेळाडू आली. तुम्ही लगेच कामाला लागलात. खरं नाव सांग, ओळख सिद्ध कर, दुसराच कुणीतरी खेळतोय. काही दिवसांतच एलीने संघ सोडला. नंतर उघड झालं की त्या नावामागे खरंच एक पुरुष होता. शंभर वेळा संशय घ्या, एकदा लागतोच. हा दाखला लॅमिनेट करून ठेवा, पुढच्या प्रत्येक मुलीच्या तोंडावर फेकायला येईल. फक्त त्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचू नका. हात तोच, नेम तोच, रँक तीच. मुलीचं नाव लावलं आणि तो गडी महिनाभरसुद्धा टिकला नाही.

प्रायोजकांना वेगळं सांगायला नको, त्यांचं पाठ आहे. आठ मार्चला पोस्टर, गुलाबी हेडसेट आणि नऊ मार्चला सुट्टी.

तेव्हा पुन्हा त्या जिन्याकडे येऊ. दुसऱ्या दिवशी रात्री तुम्ही लॉबीत शिरता. टीममध्ये कुणीतरी 'घोस्ट' का काहीतरी नावाचं आहे. माइक बंद. बोलणं नाही, नुसते नकाशावर पिंग, म्हणजे इशाऱ्याच्या खुणा. जिन्यावर पिंग होतो, तुम्ही वळता आणि वेळेवर वळल्यामुळे वाचता. शेवटच्या फेरीत चौघं पडलेले, घोस्ट एकटा आणि समोर तिघे. या वेळी तिसराही पडतो. तुम्ही खुर्चीतून उठून ओरडता, चॅटवर लिहिता, "भावा!! काय क्लच मारलास!" फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता. पुन्हा लिहिता, "माइक चालू कर ना भावा, एकत्र खेळत जाऊ."

रिक्वेस्ट अजून पेंडिंग दाखवतेय. थांबा जरा, भाऊ विचार करत असेल.