झाकण कुठाय?

गौरी-गणपतीला आमच्या चिपळूणजवळच्या घरी मुंबईहून 16 चाकरमानी आले. तिसऱ्या दिवशी संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं.

मैला उपसणारी गाडी बोलावली. गाडीवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "झाकण कुठाय?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. 1991 साली संडासाची ती चिऱ्यांची टाकी त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. त्यांनी ठामपणे काठी रोखली, "जास्वंदीपासून चार पावलं."

जास्वंद कधीच गेली. पावलंही तेव्हाची; आता बाबांची चार म्हणजे माझी जेमतेम दोन. मी माझी चार टाकली तर थेट विहिरीच्या कठड्यावर आपटलो.

मग पहार घेऊन अंगणभर ठोकत सुटलो, छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखा. पोकळ आवाज आला तो नेमका मी गेल्या वर्षी हौसेनं बसवलेल्या फरशीखालून. फरशी फोडली, दोन फूट खणलं, तेव्हा लादी लागली. तिला कडी नाही. पुन्हा कधी उघडायची वेळ येईल असं बाबांना वाटलंच नसावं!

लादी सरकवल्यावर मी वाकून बघायला गेलो, तर गाडीवाल्यानं कॉलर धरून मागे ओढलं. "वास थांबला म्हणून फसू नका. तो वायू जास्त झाला की आधी नाक बधिर होतं, मग माणूसच जातो. आत कुणी उतरायचं नाही नि कुणाला उतरवायचंही नाही. 2013 चा कायदाच आहे." इथं मला कुठलाही विनोद सुचला नाही.

"दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते," तो पुढे म्हणाला. बाबा आकाशाकडे बघू लागले.

पुन्हा ही खोदाई नको म्हणून गवंड्याकडून टाकीचं तोंड बांधून जमिनीच्या चार बोटं वर आणायचं ठरलं, म्हणजे पावसाचं पाणीही आत शिरणार नाही. वर फायबरचं हलकं झाकण, आणि घरात पोरंबाळं असतात म्हणून कुलूप. "त्यातलं कोण चोरून नेणारे?" आईनं विचारलं.

गाडीवाला पाइप गुंडाळता गुंडाळता थांबला. "दुसरं कुठाय?"

"दुसरं काय?"

"झाकण. टाकीला दोन खण आहेत. दुसऱ्यातलाही गाळ कधीतरी काढावा लागणारच की."

बाबांची काठी पुन्हा उठली. विहिरीकडे गेली, घुटमळली आणि हळूहळू तुळशीवृंदावनाकडे वळली. आई आधीच तिथं जाऊन उभी होती.

तीन दिवस वाटाघाटी चालल्या. तुळस दारासमोरून हलणार नाही, ही आईची अट. टाकी हलू शकत नाही, हे बाबांचं म्हणणं. शेवटी दुसरं तोंडही वर आलं आणि त्यावर लोखंडी चौकट, चार चाकं, वर नवं छोटं वृंदावन.

यंदा तुळशीच्या लग्नाला आमची नवरी मांडवापर्यंत स्वतः चालत आली.