बेलेरबेयी राजवाडा ‘युरोपची नक्कल’ कसा?

‘बॉस्फरसच्या काठचे एकोणिसाव्या शतकातले राजवाडे म्हणजे युरोपची नक्कल. बेलेरबेयी तर परक्यांनी बांधलेला, आत ऑटोमन असं काहीच नाही. असल्या वास्तूच्या जतनावर पैसा कशाला घालवायचा?’ बेलेरबेयी म्हणजे इस्तंबूलमध्ये बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठी असलेला ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानांचा राजवाडा. इतिहासप्रेमींमध्ये त्याच्याबद्दल हे विधान फार फिरतं. नुसते फोटो पाहिले तर पटतंही. ते खोडून काढायलाच हवं.

आधी ‘परक्यां’बद्दल. सुलतान अब्दुलअझीझने १८६१ ते १८६५ दरम्यान आपल्या उन्हाळी मुक्कामासाठी हा राजवाडा बांधून घेतला. वास्तुरचनाकार सार्किस बाल्यान, आर्मेनियन. शिकला पॅरिसला, पण घराणं इस्तंबूलचं आणि पिढ्यान्‌पिढ्या सुलतानांच्या इमारती बांधणारं. आर्मेनियन म्हणून त्याला परका ठरवणं हा सरळ सरळ अन्याय आहे.

दर्शनी भाग युरोपीय वळणाचा आहे, हे मान्य. दगडी खांब, कमानी, आत बोहेमियाची स्फटिकाची झुंबरं. पण इमारतीचा खरा स्वभाव तिच्या आराखड्यात कळतो. आपल्या वाड्यात चौकाभोवती खोल्या असतात, तशा इथे मधल्या मोठ्या दालनाभोवती, कोपऱ्याकोपऱ्यांत खोल्या आहेत. ही जुन्या तुर्की घराची मांडणी. सहा दालनं, चोवीस खोल्या, आणि पुरुषांचा दरबारी भाग व जनानखाना वेगवेगळे. पाण्याच्या कडेला दोन छोटे मंडपही तसेच, एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी. ही विभागणी पॅरिसहून आलेली नाही.

तळमजल्याच्या दालनात तर मधोमध संगमरवरी हौद आहे, त्यात कारंजं. पाहुणे यायचे ते याच गारव्यात बसायला. जमिनीवर इजिप्तहून आणलेल्या वेताच्या चटया आणि त्यांच्यावर हेरेके या तुर्की गावात विणलेले गालिचे. चटई फरशीची ओल वर येऊ देत नाही. सामुद्रधुनीच्या इतक्या जवळ राहायचं तर हा बंदोबस्त लागतोच. छतावरची जहाजांची चित्रंसुद्धा सुलतानाच्या आवडीची, त्याला आरमाराचं वेड होतं.

उरला जतनाच्या पैशाचा प्रश्न. तो ‘नक्कल’ या एका शब्दावरच उभा आहे, म्हणून मला जास्त खटकतो. नक्कल म्हटलं की झुंबरं पुसली, सोनेरी मुलामा चढवला की काम झालं असं वाटू लागतं. इथे जपायचंय ते हौद, चटया, मंडप आणि मागच्या चढावरची टप्प्याटप्प्यांची बाग, हे सगळं एकत्र. फरशीचा संगमरवर छान दिसतो म्हणून चटई काढली, तर ओलीपासून दालन वाचवणारी योजनाच जाईल आणि पाहणाऱ्याला ती कधी होती हेही कळणार नाही. १८६९ मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी इथे उतरली होती आणि पदच्युत सुलतान अब्दुलहमीद दुसरा १९१८ मध्ये इथेच नजरकैदेत वारला, एवढं सांगणारा फलक ती उणीव भरून काढणार नाही.