घटसर्पाचा तो मेसेज

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या ग्रुपांवर पाऊस जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. मतलब असा : जनावरांचा घटसर्प म्हणजे गारठ्याचा न्यूमोनिया. पंढरपुरी म्हैस काटक, तिला लस कशाला? लसीनंच आजार येतो, दूध आटतं. झालाच आजार तर अँटिबायोटिक आहेच.

शेवटून सुरुवात करतो, कारण म्हशी तिथंच हातच्या जातात. घटसर्पाचा जंतू, पास्चुरेला मल्टोसिडा, औषधानं मरतो, खरंय. पण जनावर दगावतं ते त्याच्या आवरणातल्या विषानं, एंडोटॉक्सिननं. जंतू मरून फुटला की ते रक्तात आणखीच सुटतं. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पाणी गळ्याखाली उतरतं, फुफ्फुसात भरतं. सूज बोटानं दाबा, खळगा तसाच राहतो. घरघर गोठ्याबाहेर ऐकू येते. तिथून पुढं बहुतेकदा चोवीस तासही मिळत नाहीत. इंजेक्शन लागू पडतं ते नुसता ताप असताना, गळा सुजायच्या आधी. पण रात्री वैरण सोडलेल्या म्हशीला थर्मामीटर कोण लावतं?

गारठ्याचं अर्धं खरं. हा जंतू धडधाकट जनावराच्या नाका-घशातही मुक्कामाला असतो. पहिला पाऊस, ओला गोठा, बाजारापर्यंत टेम्पोतले हाल, यांनी जनावराचा जोर कमी पडला की तो बळावतो.

मेंढपाळांनी त्याचा भाऊबंदही ओळखावा : मॅनहेमिया हिमोलिटिका. मेंढरांचा, वासरांचा न्यूमोनिया बऱ्याचदा याचाच. याचं ल्यूकोटॉक्सिन पांढऱ्या पेशींनाच भोकं पाडतं, तेही फक्त रवंथ करणाऱ्यांच्या. माणसाच्या पेशींना ते धरत नाही. राखणदार पेशी फुटतात आणि त्यांच्यातल्या तिखट द्रव्यांनी मेंढराचंच फुफ्फुस जळतं. या विषाविरुद्ध अंगात प्रतिपिंडं तयार असतील तर ते निकामी होतं. म्हणून परदेशातल्या काही लसींत हेच विष, मारून, घातलेलं असतं.

काटकपणा? पंढरपुरीची शिंगं खांद्यापार जातात, ऊन सोसते, चाऱ्याला नखरे नाहीत. सगळं कबूल. पण घटसर्पाला गाईपेक्षा म्हैसच जास्त बळी पडते.

‘लसीनं आजार’ हे कुठून आलं, तेही सांगतो. आपल्याकडच्या लसीत मेलेले जंतू असतात, ते वाढूच शकत नाहीत. पण प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. गावात साथ आल्यावर धावत जाऊन टोचलं, आणि आधीच लागण झालेली म्हैस चौथ्या दिवशी गेली, की नाव लसीचं. दूध कमी होतं, पण आटत नाही. आमच्या एका म्हशीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली, दोन दिवस लिटरभर दूध कमी, तिसऱ्या दिवशी बादली पूर्ववत.

(मुलांच्या घटसर्पाशी याचं नातं फक्त नावाचं. तो जंतू वेगळा. त्याच्या विषावरचा रक्तद्रव शोधल्याबद्दल बेरिंगला १९०१ साली नोबेल मिळालं.)

लस मे महिन्यात, पावसाआधी. म्हैस गाभण, आठव्या-नवव्या महिन्यात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ओढून, पाडून टोचण्यानं जो दगाफटका होतो तोही लसीच्याच खात्यावर जातो.